गिअरबॉक्सचं ऑइल पुन्हा पुन्हा गळतंय? सील बदलण्याआधी घरीच तपासा

"गिअरबॉक्स गळत होता, सील बदललं, थोडे दिवस बरं चाललं, आता परत तेच." छोट्या गाड्या वापरणाऱ्यांकडून ही तक्रार सतत ऐकायला मिळते. मेकॅनिक दरवेळी सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती (शाफ्टभोवती) ऑइल अडवणारी रबरी रिंग, बदलतो, कारण ओल तिथेच दिसते. पण नवं घातलेलं सील पुन्हा गळायला लागलं, तर दोष बहुतेक वेळा सीलचा नसतो. गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं तोंड, बुजलेला असतो, शाफ्टवर खाच पडलेली असते, बेअरिंग ढिलं झालेलं असतं, नाहीतर ऑइल वरच्या भलत्याच ठिकाणाहून ओघळत सीलपर्यंत आलेलं असतं. कित्येकदा तर ते गिअरबॉक्सचं ऑइलच नसतं.

यातलं बरंचसं अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये तपासता येतं. माझं सांगणं एवढंच आहे, की गळतीचा उगम डोळ्यांनी दिसल्याशिवाय सील बदलायला होकार देऊ नका. खाली मुख्यतः पुढची चाकं ओढणाऱ्या, हाताने गिअर टाकायच्या हॅचबॅक आणि छोट्या सेडानबद्दल लिहिलं आहे. ऑटोमॅटिकचं पुढे वेगळं सांगतो.

आधी ऑइल कुठलं आहे ते ठरवा

रात्री गाडी लावल्यावर इंजिनखाली पांढरा कार्डशीट पसरा. वर्तमानपत्र नको. त्यावर डाग पसरतो आणि छपाईमुळे रंग कळत नाही. कार्डशीटवर पुढच्या दोन चाकांची जागा आणि बंपरची बाजू पेनाने आखून ठेवा, म्हणजे सकाळी तो बाहेर काढल्यावरही थेंब नेमका कशाखाली पडला ते सांगता येईल. शक्यतो गाडी सपाट जागेवर लावा. उतारावर लावलेल्या गाडीत थेंब ओघळत जाऊन दुसरीकडेच पडतो.

सकाळी डाग बोटाने चोळा, हुंगा. चाखू मात्र नका. इंजिन गार ठेवणारं कूलंट विषारी असतं, त्यामुळे ते सांडलं असेल तर मुलं आणि कुत्री-मांजरं यांना लांब ठेवा. रंगहीन, वासहीन पाणी असेल तर ते एसीचं. आपल्याकडच्या गाड्यांत एसीची नळी बहुधा डाव्या बाजूला उतरते, आणि बऱ्याच हॅचबॅकमध्ये गिअरबॉक्सही इंजिनाच्या डावीकडेच असतो, म्हणून हा घोटाळा होतो. हिरवट, गुलाबी किंवा निळसर, चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. जवळजवळ रंगहीन किंवा फिकट पिवळं, बुळबुळीत पण पाण्याने धुऊन जाणारं असेल तर ब्रेक किंवा क्लचचं फ्लुइड. शंका वाटली तर एक थेंब ग्लासभर पाण्यात टाका. ब्रेक फ्लुइड आणि कूलंट पाण्यात मिसळतं, ऑइल वर तरंगतं.

उरतात इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल. वापरलेलं इंजिन ऑइल, विशेषतः डिझेल गाडीचं, काळं असतं आणि त्याला जळकट वास येतो. गिअर ऑइल जास्त दाट, पिवळसर-तपकिरी असतं आणि त्याला गंधकाचा उग्र दर्प असतो. गिअरच्या दात्यांवरचा प्रचंड दाब सहन व्हावा म्हणून त्यात गंधकयुक्त रसायनं घातलेली असतात, त्यांचा तो वास. हात साबणाने धुतले तरी तो लवकर जात नाही. एवढं करूनही खात्री होत नसेल तर इंजिनाची डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून तिचा एक थेंब त्याच कार्डशीटवर डागाशेजारी लावा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की फरक लपत नाही.

धुतल्याशिवाय उगम सापडत नाही

जुन्या चिखलाने आणि तेलाने माखलेल्या गिअरबॉक्सकडे बघून अंदाज बांधणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आधी तो भाग स्वच्छ करा. डीग्रीझर (तेलकटपणा काढणारा द्रव) मारा, जुन्या ब्रशने घासा, चिंधीने पुसा आणि पूर्ण कोरडा होऊ द्या. पेट्रोलने धुऊ नका, आगीचा धोका असतो. पाण्याचा जोरदार फवारा वरून मारू नका, सेन्सरच्या कनेक्टरमध्ये आणि ब्रीदरमध्ये पाणी जातं. इंजिनाखाली प्लास्टिकचं आवरण असेल तर ते काढून ठेवा. गळालेलं ऑइल त्यावर साठतं आणि त्याच्या सगळ्यात खालच्या भोकातून थेंब पडतो, मग डाग एकीकडे आणि गळती दुसरीकडे असं होतं.

गाडीखाली जाण्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. एका क्षणासाठीसुद्धा नाही. जॅक घसरतो आणि माणसं जिवानिशी जातात. गाडी पेलणारे जॅक स्टँड लावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, गिअर टाकून ठेवा. स्टँड नसेल तर खाली जायची गरजच नाही. मोबाइल सेल्फी स्टिकला लावा, टॉर्च चालू करून व्हिडिओ घ्या आणि मग निवांत मोठा करून बघा. पुढचं चाक पूर्ण वळवलं की कमानीच्या बाजूनेही आतला शाफ्ट आणि सील बऱ्यापैकी दिसतं. सायलेन्सरचा पाइप गार झाला आहे ना, याची आधी खात्री करा.

धुऊन कोरड्या केलेल्या जागेवर टाल्कम पावडर भुरभुरवा. दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि परत बघा. ऑइल जिथून निघालं असेल तिथून खालपर्यंत पावडरीत ओली गडद रेघ उमटलेली दिसेल. गळती फार बारीक असेल तर ऑइलमध्ये टाकायचा फ्लुओरेसंट डाय आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च बाजारात मिळतो. अंधारात त्याखाली गळती पिवळट-हिरवी चमकते.

बघताना नियम एकच: ओलीचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा बिंदू शोधा. ऑइल वरून खाली ओघळतं आणि धावत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. म्हणून मागचा आणि खालचा भाग सगळ्यात जास्त माखलेला असतो, पण तो निर्दोष असतो.

ओल कुठे आहे, त्यावरून काय समजायचं

ड्रेन प्लगभोवती (ऑइल सोडायच्या तळाच्या बुचाभोवती) ओल असेल तर सुटलात. तो बहुतेक वेळा जुनंच वायसर परत वापरल्याचा परिणाम असतो. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वायसर एकदा दाबलं गेलं की परत नीट बसत नाही. नवं घाला आणि प्लग गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कवरच (तेवढ्याच जोराने) आवळा. गिअरबॉक्सचं केसिंग ॲल्युमिनियमचं असतं, अंगात येऊन आवळलं तर आटे जातात आणि वीस रुपयांच्या कामाचं हजारोंचं काम होतं. केसिंगवर दगड लागल्याची खूण आणि तिथूनच ओल असेल तर तडा गेला आहे. तेलकट धातूवर एम-सील धरत नाही, म्हणून त्यावर वेळ घालवू नका.

वरच्या बाजूला गिअर बदलायचा दांडा केसिंगमध्ये जातो तिथे एक छोटं सील असतं. जवळच रिव्हर्स लाइटचा स्विच आणि काही गाड्यांत स्पीड सेन्सर असतो. या तिघांपैकी कुठूनही झिरपलेलं ऑइल केसिंगवरून ओघळत ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) सीलवर येतं. खालून बघणाऱ्याला शाफ्टचं सील गळतंय असंच वाटतं. शाफ्टचं सील पुन्हा पुन्हा बदलूनही ओल थांबत नाही, त्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. दिव्याच्या उजेडात वरून बघितलं तर पाच मिनिटांत कळतं.

ड्राइव्ह शाफ्टजवळची घाण ऑइलची आहे की ग्रीसची तेही बघा. सीव्ही जॉइंटचा (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा) रबरी बूट फाटला तर काळं, घट्ट ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला आणि आजूबाजूला गोलाकार उडतं. ते थेंब थेंब पडत नाही. तसं असेल तर गिअरबॉक्सचा काही संबंध नाही, पण बूट तातडीने बदला. नाहीतर धूळ जाऊन जॉइंटच जातो.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथे, अगदी तळाशी ओल असेल तर मामला मोठा असू शकतो. इथे तीन ठिकाणांहून गळती येऊ शकते: क्रँक शाफ्टचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून फिरणाऱ्या दांड्याचं) सील आणि काही गाड्यांत आतच बसवलेला क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर. पहिल्यात इंजिन ऑइल येतं, दुसऱ्यात गिअर ऑइल, तिसऱ्यात ब्रेक फ्लुइड, आणि तिसऱ्यात क्लचचा पेडलही मऊ पडतो. म्हणूनच आधी ऑइल ओळखायला सांगितलं. तिन्हीसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, मजुरी तीच. म्हणून एकदा उतरवलाच तर क्लच प्लेटची अवस्था बघा आणि दोन्ही सीलं एकदम बदला. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम वाढतं पण गाडी तशी ओढत नसेल, तर ऑइल क्लच प्लेटपर्यंत पोचलेलं असू शकतं.

पण गिअरबॉक्स उतरवायच्या आधी टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग बघाच. ते गळायला लागलं की इंजिन ऑइल इंजिनाच्या कडेने खाली येतं, गिअरबॉक्सवर सांडतं आणि याच जोडापाशी थेंब होऊन पडतं. गिअरबॉक्स उतरवायचा खर्च आणि या पॅकिंगचा खर्च यांची तुलनाच होत नाही. वरून टॉर्च मारून इंजिनाची गिअरबॉक्सकडची बाजू ओली आहे का ते बघायला काहीच पैसे लागत नाहीत.

नवं सील परत का गळतं

सगळं तपासलं, ऑइल गिअरबॉक्सचंच आहे, ओलही शाफ्टच्या सीलमधूनच सुरू होते, आणि सील तर नवं आहे. आता खरा शोध सुरू होतो.

पहिला संशयित ब्रीदर. गिअरबॉक्सच्या वरच्या भागात एक छोटी टोपी किंवा रबरी नळी असते. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते आणि ती इथून बाहेर पडते. हे तोंड चिखलाने बुजलं, तर ३० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापताना आतला दाब साधारण २० टक्क्यांनी वाढतो. शाफ्टचं सील उडणारं ऑइल अडवायला बनवलेलं असतं, दाब धरून ठेवायला नव्हे. मग ऑइल सीलच्या ओठाखालून, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेखालून, वाट काढतं. सील कितीही वेळा बदललं तरी दाब तिथेच असतो.

ओळखीतल्या एकाची हॅचबॅक चिपळूणजवळ चिऱ्याच्या खाणींच्या रस्त्याने रोज जायची. डावं सील बदलून झालं, परत बदललं, गळती थांबेना. गॅरेजवाल्याने बेअरिंगचा खर्च सांगितला होता. पण एक गोष्ट विचित्र होती. गावातल्या गावात आठवडाभर फिरली तरी पार्किंग कोरडं, आणि कुंभार्ली घाट चढून कराडला जाऊन आली की दुसऱ्या दिवशी हमखास डाग. तापल्यावरच गळतंय म्हटल्यावर ब्रीदर बघितला. टोपीभोवती लाल चिखल वाळून पक्का बसला होता, नखाने खरवडला तर ढलपी निघाली. टोपी फिरतच नव्हती. आधी फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) सैल केला तेव्हा स्पष्ट फुस्स आवाज आला होता. ब्रीदर साफ केला आणि तेच सील, न बदलता, कोरडं राहिलं.

हे घरी तपासायला सोपं आहे. टोपी बोटाने फिरते किंवा उचलली जाते का बघा. नळी असेल तर काढून फुंका, हवा आरपार गेली पाहिजे. आधी आजूबाजूची माती पुसून घ्या, नाहीतर ती आत पडेल.

दुसरं कारण ऑइल जास्त भरणं. काही ठिकाणी ऑइल वरच्या सेन्सरच्या भोकातून अंदाजे ओततात. छोट्या गाडीच्या गिअरबॉक्सला साधारण दोन-अडीच लिटर पुरतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. बाजूला फिलर प्लग असलेल्या गिअरबॉक्समध्ये ऑइलची पातळी त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवी, तीही गाडी चारही चाकांवर सारखी सपाट असताना. फक्त पुढून उचललेल्या गाडीत ही पातळी खोटी दिसते. आणि ऑइल बदलताना कधीही आधी फिलर प्लग उघडतो का ते बघा, मगच ड्रेन उघडा. ऑइल सोडून दिलं आणि फिलर गंजून अडकला, तर गाडी तिथेच उभी राहते.

तिसरं, शाफ्टवरची खाच. सीलचा ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासून शाफ्टवर बारीक रेघ पाडतो. शाफ्ट काढलेला असताना त्या जागेवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर नवं सील त्याच खाचेत बसून गळणार. चांगला मेकॅनिक, जागा असेल तर, सील एखादा मिलिमीटर मागे-पुढे बसवतो, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. खाच खोल असेल तर दुरुस्तीची पातळ स्लीव्ह चढवावी लागते किंवा शाफ्ट बदलावा लागतो.

चौथं, बेअरिंग. चाक उचलून, स्टँड लावून, शाफ्टला गिअरबॉक्सच्या अगदी जवळ धरून वर-खाली हलवा. थोडी हालचाल सगळ्याच गाड्यांत असते. पण शाफ्ट सीलच्या आत ठळक वर-खाली होत असेल, टकटक जाणवत असेल, तर डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचं) बेअरिंग बघायला हवं. धावताना वेगाबरोबर वाढणारी घरघर येत असेल तर संशय आणखी पक्का.

आणि बसवण्यातली हयगय. सील थेट हातोड्याने एका बाजूने ठोकलं की तिरकं बसतं. त्याच मापाचा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा ठेवून सारखं दाबत न्यायचं असतं. ओठाला आधी ऑइल लावायचं असतं. शाफ्ट आत घालताना त्याचे खाचेदार दात ओठावर घासले तर ओठ कापला जातो, किंवा ओठामागची बारीक स्प्रिंग निसटते. कित्येक गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूची सीलं वेगळी असतात, फिरण्याच्या दिशेप्रमाणे ओठावर तिरक्या रेघा असतात. उलटसुलट बसली तर सील ऑइल आत ढकलायच्या ऐवजी बाहेर काढतं. क्लचचं किंवा सस्पेन्शनचं काम करून आणल्यावर महिनाभरात गळती सुरू झाली असेल, तर शाफ्ट काढताना-घालतानाच काहीतरी झालं असं समजायला हरकत नाही.

ऑटोमॅटिक असेल तर

एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप चालवणारी पद्धत, आतून साधा गिअरबॉक्सच. त्यामुळे वरचं सगळं लागू आहे. फक्त हायड्रॉलिक पद्धतीच्या एएमटीत गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचं वेगळं फ्लुइड आणि छोटी टाकी असते. तिची पातळीही बघा.

टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी फ्लुइडमधून ताकद पोचवणाऱ्या) ऑटोमॅटिकमधलं फ्लुइड नवं असताना बहुधा लाल असतं, जुनं होताना तपकिरी पडतं. सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) हिरवं, निळं किंवा पिवळसरही असू शकतं, म्हणून फक्त रंगावर जाऊ नका. जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगमध्येही असंच लाल फ्लुइड असतं, त्याच्या टाकीतली पातळी उतरली आहे का ते आधी बघा. इंजिन चालू असतानाच गळत असेल तर कूलरकडे जाणाऱ्या दाबाखालच्या नळ्या बघा. रात्रभर उभी राहिल्यावर गळत असेल तर पॅनचं (तळाच्या तबकाचं) पॅकिंग किंवा वरच्या बाजूची सीलं, कारण इंजिन बंद झाल्यावर कन्व्हर्टरमधलं फ्लुइड खाली येऊन पॅनमधली पातळी चढते. पॅनचे बोल्ट मात्र जोर लावून आवळू नका, पॅकिंग चिरडून बाहेर येतं.

जमिनीवर डाग नाही आणि फ्लुइड तरीही कमी होतंय, असं असेल तर गार इंजिनावर कूलंटची टाकी उघडून बघा. गुलाबीसर साय दिसली तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटला आहे. गाडी चालवू नका, टो करून न्या. बऱ्याच नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना डिपस्टिकच नसते. पातळी ठरावीक तापमानाला, इंजिन चालू ठेवून, ओव्हरफ्लो प्लगमधून बघतात. ते काम घरी करू नये.

किती घाई करायची

केसिंगवर नुसती ओल आहे, थेंब पडत नाही, तर लक्ष ठेवलं तरी पुरे. थेंब पडत असेल तर हिशोब करा. मिनिटाला एक थेंब, रात्रीचे दहा तास, म्हणजे ६०० थेंब. वीस थेंबांना ढोबळमानाने एक मिलिलिटर धरलं तर एका रात्रीत ३० मिलिलिटर आणि महिन्यात ९०० मिलिलिटर. दोन लिटरच्या गिअरबॉक्समधलं जवळजवळ निम्मं ऑइल गेलं, आणि डॅशबोर्डवर यासाठी कुठलाही दिवा लागत नाही. गिअर टाकताना कुरकुर, नवी घरघर किंवा पाचव्या गिअरमध्ये आवाज सुरू झाला असेल तर पातळी बघितल्याशिवाय लांब जाऊ नका.

ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. पावसात साचलेल्या पाण्यातून तापलेला गिअरबॉक्स गेला की तो एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. असं ऑइल टॉप-अप करून चालत नाही, पूर्ण बदलावं लागतं. आणि भरताना पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच भरा. जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ घालू नका, सिंक्रोनायझरच्या (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांना ते मानवत नाही. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांतली रसायनं रबर फुगवतात, काही काळ ओल थांबते, पण खाच, दाब किंवा बेअरिंग यांवर त्यांचा काही उपयोग नाही.

गॅरेजला जाताना कार्डशीटचा आणि पावडरीतल्या रेघेचा फोटो बरोबर ठेवा. "सील बदला" असं सांगू नका, "इथून गळतंय, शाफ्टची खाच, बेअरिंग आणि ब्रीदर बघून मला दाखवा" असं सांगा. आणि सील बदललंच तर जुनं मागून घ्या. ओठ कडक झालेला, चिरलेला असेल तर ते वयाने गेलं. ओठ एकाच बाजूने झिजलेला असेल तर शाफ्ट मध्यावर फिरत नाही, बेअरिंग बघायला लावा. एका जागी कापलेला असेल तर बसवताना लागलं आहे. आणि ओठ सगळीकडून मऊ, सारखा, स्प्रिंग जागेवर असेल, तर ते सील चांगलं होतं. गाडी ताब्यात घ्यायच्या आधी ब्रीदर आणि ऑइलची पातळी तिथेच उभं राहून तपासून घ्या.